नाकाने चालणारा फोन

"अहो, नाक टेकवा आणि दाबा! लाजताय काय?" कोल्ड स्टोरेजच्या जाड दाराबाहेरून सुपरवायझर बाई ओरडल्या.

आत, गोठवलेल्या मटारच्या खोक्यांपुढे, धिप्पाड हमाल फोनवर वाकला. त्याने डोळे मिटले आणि नाक टेकवलं.

कामगारांना फोन द्यायचे, असं मालकांनी एकदाचं ठरवलं होतं. दुकानदाराने तीन फोन बघायला पाठवले होते. एक बाईंकडे, एक मालकांच्या हातात, तिसरा आत. एकाची परीक्षा झाली की अदलाबदल. अडचण एकच होती. त्या जाड हातमोज्यांतली बोटं एकाही फोनला कळेनात, आणि आत हातमोजे काढायचे नाहीत हा बाईंचा कायदा. मागे एकाची बोटं लोखंडी मांडणीला चिकटली होती. तेव्हापासून आत हातमोजा काढणारा आठवडाभर घरी बसायचा. मालकांच्या मेव्हण्यालाही बाईंनी सोडलं नव्हतं. तेव्हा उरलं नाक.

बाई बाहेरून तिन्ही फोनच्या ग्रुपवर विचारायच्या, "किती खोकी?" आतल्याने नाकाने उत्तर द्यायचं. हमालाने नुसतं ११११११११ पाठवलं. पॅकिंगवाल्या मावशींच्या नाकाने थेट मालकांना व्हिडिओ कॉल लावला, आणि मालकांना बराच वेळ नुसत्या नाकपुड्या बघाव्या लागल्या. प्रत्येक वेळी फोन बाहेर आला की त्यावर नाकाचा ओला ठसा. "शी!" म्हणत बाई तो फडक्याने पुसायच्या.

मग फोर्कलिफ्टवाला आत गेला. माणूस चाळिशी ओलांडलेला, एकटा, कामाला वाघ. त्याचा बाईंवर जीव होता, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक होतं. पण बाई समोर आल्या की "दार उघडता का?" यापुढे त्याची गाडी जायची नाही. त्यात बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या गोदामावर जाणार होत्या, आणि बिचाऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

बाईंनी विचारलं, "किती खोकी?"

उत्तर आलं. मालकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. खोक्यांचा आकडा नव्हताच. लाल बदाम होता, चांगला टपोरा.

"हे काय?" मालक गरजले. "हा कामाचा फोन आहे!"

फोर्कलिफ्टवाला बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. "नाकाची चूक झाली, मालक," तो कसाबसा म्हणाला.

"नाक बरं नेमकं तिथेच पडलं!" मावशी म्हणाल्या, आणि हमाल पोट धरून हसत सुटला. फोर्कलिफ्टवाल्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातून फोन घेतला आणि सवयीने फडकं उचललं. ते तसंच हातात राहिलं. काच लख्ख होती. पुसायला काही नव्हतंच.

त्यांनी फोर्कलिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आता आठवडाभर घरी, आणि तोवर बाई निघायच्या तयारीत असतील.

"मग बाई, हा फोन नापास ना?" मालकांनी विचारलं.

"असं कसं? एकाच्या नाकावरून फोन नापास करायचा होय?" बाईंनी आपल्याकडचा फोन फोर्कलिफ्टवाल्याच्या हातात कोंबला. "मी आत जाते. तुम्ही विचारा."

दार बंद झालं. त्याने फोनवर विचारलं, "किती खोकी?"

मग मालकांचा फोन वाजला. लाल बदाम.

"घ्या! बाईंचंही नाक चुकलं!" मालकांनी कपाळावर हात मारला. "रद्द! हा फोन साफ रद्द!"

फोर्कलिफ्टवाल्याने ते ऐकलंच नाही. दारातल्या इवल्याशा काचेला डोळा लावल्यावर त्याला बाई दिसत होत्या. त्या घाईघाईने हातमोजा परत चढवत होत्या.