बाणातला ण

अंगणवाडीत टाळीचा खेळ चालला होता. बाईंनी "बाण" म्हटलं की पोरांनी टाळी द्यायची, "पान" म्हटलं की हात मागे.

शेवंता दारातूनच ओरडली, "ए रेनू!"

पाच वर्षांच्या रेणूने मान वळवली नाही.

"आठ दिस झाले, पोरगी माझी हाकच ऐकंना," शेवंता बाईंवर धावून गेली. "तुमी तिच्या कानात बसवलेला त्यो मनी काढा."

"मणी," बाई म्हणाल्या. "एक उच्चार चुकला, तरी मणी अख्खं वाक्य कानाबाहेरच अडवतो. अशुद्ध कानावर पडलं की पोरं तेच उचलतात. वर्षभर तो निघणार नाही. तोवर तुम्हीच जीभ सुधारा."

शेवंताच्या तोंडात शिवी आली. ती तिने गिळली, जीभ उलटी वळवून टाळूला लावली आणि म्हणाली, "रेणू."

रेणू धावत येऊन तिला बिलगली. "आई, तू रागावली होतीस का? इतके दिवस बोलतच नव्हतीस."

"कोन म्हनतं? रोज बोलत व्हते की."

रेणू तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.