बिनसाखरेचा केक

"संपला! केक संपला!" बेकरीवाल्याने ट्रे घाईघाईने टेबलाखाली सरकवला.

"अहो, आत्ता तर अर्धा ट्रे समोर होता," दुसऱ्यांदा रांगेत लागलेले पोस्टमास्तर म्हणाले. "तेवढ्यात उंदरांनी पळवला की काय?"

रांगेत हशा पिकला. बेकरीवाला काही हसला नाही.

मधुमेहाच्या संशोधनासाठी निधी गोळा करायला शाळेच्या मैदानावर निम्मी वस्ती लोटली होती, आणि सगळ्यात मोठी रांग त्याच्याच टेबलापुढे. मागच्या वर्षी त्याचा बिनसाखरेचा केक कुत्र्यानेसुद्धा हुंगला नव्हता. आज सकाळी पहिला केक चाखून बघितला, तर यंदाही तेच. रबरासारखा, आणि मागून कडू. एवढ्या चांगल्या कामाला द्यायचं आणि लोकांनी तोंड वाकडं करून टाकून द्यायचं? छे! पुढच्या मिश्रणात त्याने सरळ साखर ओतली. फार नाही, चवीपुरती. टेबलावरची पाटी मात्र 'बिनसाखरेचा' अशीच ठेवली. शुगरवाल्यांनी एखादा तुकडा खाल्ला म्हणून काय आभाळ कोसळतंय?

गुडघ्यांमुळे ताई येणार नाही, हे त्याने गृहीतच धरलं होतं. आणि ती तर समोरच्या बाकावर बसून खात होती. त्याची थोरली बहीण, रोज सुई टोचून घेणारी. कुणीतरी तिला टेबलावरून ताटली नेऊन दिली होती. परक्यांसाठी जी साखर चवीपुरती होती, ती ताईच्या ताटलीत दिसली, तेव्हाच त्याने ट्रे लपवला होता. लाज वाटली ती याचीच जास्त.

"आणखी एक दे रे," ताईने तिथूनच हाक मारली. "सुनेला म्हटलं, आज मला कुणी अडवायचं नाही. भावाने केलाय माझ्या."

तो टेबल सोडून तिच्यापाशी गेला.

"ताई, ठेव ती ताटली."

"का रे बाबा? फुकट नाही खात मी, पैसे टाकलेत डब्यात."

"साखर आहे त्यात."

"काहीतरीच! पाटी लावलीयस ना एवढी मोठी?"

"खोटी आहे ती. मीच घातलीय साखर. मुद्दाम." शेवटी त्याचा आवाज चढला आणि रांगेपर्यंत गेला. तिथला हशा थांबला. पोस्टमास्तर स्वतःच्या रिकाम्या ताटलीकडे बघायला लागले.

ताईने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त ताटली बाजूला ठेवली आणि पदराने ओठ पुसले.

"पहिल्याच घासाला कळलं होतं मला," ती म्हणाली. "पण केक तुझ्या हातचा. म्हटलं, माझीच जीभ चुकत असेल."