सहाच्या ठोक्याला

प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि बैठकीतल्या सगळ्यांनी आवरतं घेतलं. सर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं की भल्याभल्यांची वाक्यं अर्ध्यात संपायची.

कॉलेजच्या सुधारणा आराखड्यातला शेवटचा विषय उरला होता, संध्याकाळचा वर्ग. नाव घातलेल्या निम्म्या बायका परीक्षेआधीच गळत होत्या. आज सरांची सही झाली की वर्ग कायमचा बंद होणार होता.

"मन रमत नाही म्हणतात आणि घरी बसतात," प्राचार्य म्हणाले. "अशांसाठी दिवे कशाला जाळत ठेवायचे?"

वर्ग चालवणाऱ्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. हा वर्ग त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. "सर, का सोडलं ते एकदा त्यांना विचारून तर बघू."

"विचारा की. आत्ताच विचारा." सरांनी गळालेल्यांची यादी पुढे ओढली आणि न बघताच एका नंबरवर बोट टेकवलं.

बाईंनी तिथलं नाव वाचलं आणि त्या चपापल्या. "हा नको, सर. दुसरा लावते."

"का? उत्तर अडचणीचं येईल म्हणून? हाच लावा. आणि स्पीकरवर ठेवा, सगळ्यांना कळू दे."

बाईंनी नाइलाजाने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि सरांच्या हातातलं पेन जागीच थांबलं.

"वर्ग सोडलास ना तू," बाई घाईने म्हणाल्या. "मन रमलं नाही, हो ना?" वर्ग बुडाला तरी चालेल, पण या पोरीने पुढे काही बोलू नये, असं त्यांना झालं होतं.

"ते घरी सांगितलं, बाई. तुमच्याशी कशाला खोटं बोलू? सासरे सहाच्या ठोक्याला घरी येतात. मी नसले तरी एक शब्द बोलत नाहीत हो, माणूस चांगला आहे. नुसतं घड्याळाकडे बघतात."

जो तो आपापल्या कागदात तोंड खुपसून बसला. सरांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी फोनकडे हात नेला. आता बंद करणार, बाईंना वाटलं. सरांनी तो जवळ ओढला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आज मला यायला उशीर होईल." सहीचा कागद त्यांनी उलटा ठेवला. "आणि उद्यापासून तुलाही."