आतला खिसा

तपासणीला आलेल्या साहेबांनी आणखी एक शर्ट उलटा केला. त्यातही खिसा होता.

नमुन्यात असा खिसा नव्हता. नमुना साहेबांनी स्वतः मुंबईहून आणला होता, जाड कागदावर कापलेला. कॉलर, बाह्या, पाठ आणि पुढं एक खिसा. इथं मात्र प्रत्येक शर्टाच्या आत, डाव्या बाजूला, एक जादा खिसा. कुठं हिरव्या लुगड्याचा, कुठं अंजिरी, एक तर चक्क जरीकाठाचा. पांढऱ्या सरकारी कापडावर ते इतके उठून दिसत होते की साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग होऊन फार दिवस झाले नव्हते. नदीच्या अलीकडे रत्नागिरी, पलीकडे सिंधुदुर्ग, आणि मधल्यामधे हे गाव हद्दीवरचं झालं. हद्दीवरच्या गावांत तयार कपड्यांचा धंदा वाढवायचा असं सरकारनं ठरवलं. शिवणकेंद्र मात्र एकाच गावाला मिळणार होतं. बायकांनी नमुन्याबरहुकूम शर्ट शिवून दाखवले तर शिलाई मशिनी इथं येणार, नाहीतर होडीत बसून पलीकडे जाणार. पलीकडच्यांना मिळालं तर जन्मभर टोमणे ऐकावे लागतील, आप्पा सरपंचांना एवढीच काळजी. शर्ट शिवणाऱ्या सगुणाचं तसं नव्हतं. तिचा नवरा मुंबईत कामाला होता ती गिरणी संपात बंद पडली होती आणि तो दिवसभर ओटीवर बसून माडावरचे नारळ मोजत असे. माड दोनच होते. तिला ते मशीन अगदी पोटातून हवं होतं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं. साहेब मराठी बोलत ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं.

देवळाच्या सभामंडपात जमलेल्या बायका एकमेकींना पुढं ढकलू लागल्या. शेवटी सगुणाच पुढं झाली.

"शर्ट मुंबैला तपासायला जायाचे हायत ना साहेब? मग बिनखिशाचे कसे धाडायचे?"

साहेबांना कळेना. मग सगळ्या बायकांनी मिळून सांगितलं. या गावातून जो कोणी मुंबईला निघतो त्याच्या कपड्याला आतून खिसा लावतात. तो घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याचाच हवा, म्हणजे वाटेत चोराचा हात तिथं पोचत नाही. बाप्या बिनखिशाचा गेला तर लोक बाईला नावं ठेवतात. शर्ट एकटाच जाणार म्हटल्यावर त्याची तर जास्तच काळजी घ्यायला हवी होती.

साहेबांनी मान हलवली. हा अडाणीपणा दुकानात कोण विकत घेणार, असं ते म्हणाले. आप्पांनी सगळे खिसे तासाभरात उसवून देतो म्हणून हात जोडले. उसवलं तर सुईची भोकं दिसतात, असं सांगून साहेबांनी तेही मोडीत काढलं आणि पेन उघडून कागदावर 'नामंजूर' लिहिलं. सगुणानं तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं आणि परक्या माणसापुढं रडायचं नव्हतं.

"शिक्का मारला की झालं," साहेब म्हणाले.

साहेबांच्या छातीवर डावीकडे एक उंचवटा होता. गावातली सगळ्यात जुनी शिवणारी म्हणजे आनंदीबाई. तिनं तो सकाळीच हेरला होता आणि साहेबांना छातीचं दुखणं आहे म्हणून त्यांच्याशी जरा नरमाईनं वागा, असं बायकांना बजावलं होतं. आता साहेबांनी शर्टाची वरची बटणं काढली, हात आत घातला आणि लाकडी मुठीचा सरकारी शिक्का बाहेर ओढला. तो मधेच अडकला. साहेबांनी हिसका दिला, तसा त्याच्याबरोबर खिसाही बाहेर आला.

जांभळ्या लुगड्याचा. बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा.

साहेबांनी तो घाईघाईनं आत कोंबला, पण तोवर देवासकट सगळ्यांनी पाहिला होता. आप्पा वर कौलांकडे बघत बसले.

आनंदीबाई काठी टेकत जवळ आली. खिशाचं टोक तिनं चिमटीत धरलं, टाके बघितले आणि लेकराला विचारावं तसं विचारलं, "आयशीनं शिवलान काय रे?"

साहेबांनी चष्मा काढला. मग बोलले ते हळूच, आणि आकाशवाणी पार बंद पडलेली होती.

"आयशीनंच. बायकोनं उसवलान, तर आयशीनं परत शिवलान. शर्ट नवा घेतला की घरात हीच मारामारी."

सगुणाला हसू फुटलं. तिनं ते पदरानं झाकलं.

साहेबांनी 'नामंजूर'मधला 'ना' नीट खोडला, शिक्का मारला आणि तो पुन्हा आत, जागच्या जागी ठेवला. मग थोडा विचार करून, जणू हा कागद घरी बायकोलाही दाखवायचा आहे अशा ठसठशीत अक्षरात त्यांनी शेरा लिहिला:

"आतील खिसा कोणीही उसवू नये. हुकुमावरून."