टवटवीत उंदीर

काम थांबवूनही न मरणाऱ्या पेशी म्हातारपणी कोणत्या अवयवात साचतात, याचा नकाशा पारमिताला काढायचा होता. त्यासाठी बेळगावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं दोन वर्षं उंदीर सांभाळले. त्यांच्या पाठी वाकल्या, केस झडले, तेव्हा कुठे ते उपयोगाचे झाले.

तपासणी समिती येणार म्हणून संस्थेचे चेअरमन आप्पा निपाणीहून रंगरंगोटी बघायला आले आणि पिंजऱ्यांपाशी थबकले.

"बाई, पाव्हणं येणार आन् ही टकली उंदरं दाखवायची व्हय? लोकं म्हणतील, खायला घालत न्हाईत."

"आप्पा, ते म्हातारे आहेत म्हणूनच तर ठेवलेत."

"दिसतंय की. म्हणून तर म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिंजऱ्यात पांढरेशुभ्र, तरुण उंदीर उड्या मारत होते. पिंजऱ्यांवरच्या पाट्या तेवढ्या जुन्याच होत्या.

"आधीचे उंदीर कुठं गेले, सिद्रामअण्णा?" तिनं शिपायाला विचारलं.

"आप्पांनी पिरनवाडीच्या माळावर सोडायला लावली, मॅडम. ही नवी त्येंनीच आणल्यात."

तिला खाली बसायलाही वेळ मिळाला नाही. समिती दारात आली होती. समितीचे प्रमुख वाकून पाटी वाचू लागले आणि वाचतच राहिले.

"वय दोन वर्षं? आणि इतके तरुण? हे कसं काय साधलं?"

पारमितानं तोंड उघडायच्या आत आप्पांनी हात जोडले.



"आमच्या संस्थेचं वातावरणच तसं हाय, साहेब. आता मलाच बघा की, तीस वर्षं झाली, चेअरमन मीच हाय."