तिंबलेली कणीक

झुंबरबाईनं तारेची घासणी द्रौपदाच्या पुढ्यात टाकली आणि तिच्याकडे न बघताच सांगितलं, "तू आता भांड्यांकडं जा. कणकंला हात लावू नको."

द्रौपदाचे दोन्ही हात परातीत होते. बेल्ह्याजवळच्या त्या लग्नघरी ती उजाडल्यापासून कणीक तिंबत होती. लग्नांत चपात्या करायला जाणाऱ्या या टोळीत कामं वाटलेली असत. द्रौपदानं तिंबायचं, अंजनानं उंडे करायचे, कुशाबाईनं लाटायचं आणि मुकादमीण झुंबरबाईनं भाजायचं. एकही चपाती एकीच्या हातची नसायची, आणि त्याचाच सगळ्यांना तोरा होता.

"का?" द्रौपदानं विचारलं.

"नवरदेवाच्या मावशीनं त्याच्या बापाला सांगितलं. आजच्या दिवस ऐक."

मग तिच्या ध्यानात आलं. मघाशी ती मावशी चुलीपाशी येऊन फार गोड बोलली होती. माहेर कुठलं, कोणाची गं तू, सगळं विचारलं. दोघींचं माहेर एकच निघालं तशी द्रौपदा हरखली आणि खुळ्यासारखी सांगून बसली, बुद्धवाड्यातल्या खंडूची धाकटी. "खंडूची व्हय!" म्हणत मावशी पदर सावरून माघारी वळली होती.

मावशीचा राग आला, पण तसल्या रागाची द्रौपदाला सवय होती. तिचं डोकं भडकलं ते समोरच्या बायांवर. मजुरी काय, घोडेगावात घराशेजारी खुरपायला रोज मिळत होती. ती सोडून दर लगीनसराईला ती यायची ती यांच्याचसाठी. लग्नाच्या गावी शाळेच्या ओट्यावर एका वाकळेत झोपायचं, एका ताटात जेवायचं, टेम्पोत घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची. कुशाबाईची सून बाळंतपणात अडली तेव्हा सगळी टोळी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. आणि आता त्याच बाया माना खाली घालून कामं करत होत्या, जणू परातीपाशी कोणी नाहीच.

"कुशाबाई, तू तरी बोल की गं. काल माझ्या हातावर डोकं ठिवून निजलीस ना?"

कुशाबाईचं लाटणं आणखीच जोरात फिरायला लागलं.

"भांडान नगं, बाय," झुंबरबाई काकुळतीला आली. "यांच्या भावकीत अजून तीन लग्नं हायेत. सांच्याला टेम्पोत आमच्या संगंच बसायचंय तुला."

"टेम्पोत बाटत न्हाई व्हय तुमी?"

अंजनानं पुढचा उंडा वळायला घेतला.

"आन् ही कणीक?" द्रौपदानं ओल्या फडक्याखालच्या ढिगाकडं बोट केलं. "ही कोणी तिंबली?"

"ती चालंल. तू अजून हात लावला न्हाई, असं मी सांगून आले त्यास्नी."

इथं मात्र द्रौपदाचं पित्त खवळलं. हात चालत नाहीत, हातांनी तिंबलेलं चालतं! ती उठली. घासणीला तिनं पाय लावला नाही की हात लावला नाही. बोटांना, नखांना चिकटलेली कणीक तिनं सावकाश खरवडून काढली, तिची गोळी वळली आणि कुशाबाईच्या पोळपाटावर नेऊन ठेवली.

"ही बी त्यातलीच. लाट."

कुशाबाईचं लाटणं थांबलं. अंजनाच्या हातातला उंडा हातातच राहिला. तव्यावरची चपाती करपायला लागली तरी झुंबरबाईनं ती उलटली नाही.

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "ओ बायांनो, चपात्या येऊ द्या! पंगत खोळंबलीय!"

द्रौपदा कमरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

"लाट की गं," ती म्हणाली.