रविवारचा उर्हो

माझी थोरली बहीण केर्टू स्वीडनमधल्या वृद्धाश्रमात असते. दर रविवारी नेटवरून फोन करते आणि सगळ्यात आधी इथं फिनलंडातच राहिलेल्या धाकट्या भावाची चौकशी करते. आमचा उर्हो मार्चमध्येच गेला. पण तिचं काळीज अधू, म्हणून मी आपली थापा मारत राहिले. उर्होच्या गळाला एवढा मोठा मासा लागला, की माशानंच होडी ओढत घरी आणून सोडली, असलं काहीबाही. सांगता सांगता रडू यायला लागलं की मी म्हणायचे, "ताई, तुझा आवाज तुटतोय गं," आणि फोन ठेवून द्यायचे.

शेवटी ताईनंच तिकडून फोनाफोनी करून माझ्याकडे नेटवाला पाठवला. त्यानं विटांच्या चुलीमागे ठेवलेला राउटर उचलून खिडकीत आणला. म्हणाला, "आजी, चुलीला नेट देत होतात होय? आता पलीकडच्यानं श्वास घेतला तरी ऐकू येईल."

रविवारी ताई म्हणाली, "उर्होला दे की जरा फोन."

"तो सौनात वाफ घेत बसलाय गं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलंच. आता नेटवर ढकलायचीही सोय नव्हती.

मग ताई म्हणाली,



"हेल्मी, आपल्या गावचं वर्तमानपत्र मला अजून टपालानं येतं. उर्हो गेल्याचं मी त्यात मार्चमध्येच वाचलं. आता डोळे पूस आणि तो सौनातून बाहेर आला की काय करणार आहे, ते सांग."